सर्वोत्तम गडी

मालेगाव म्हटले की ऐकणाऱ्याच्या कानांत यंत्रमागांचा खडखडाट सुरू होतो. आगगाडीच्या डब्यात, साहित्यसंमेलनाच्या मांडवात किंवा उत्तरपत्रिका तपासण्याच्या दालनात, कोठेही मी माझ्या गावाचे नाव घ्यावे आणि समोरच्या गृहस्थाने मान डोलवून म्हणावे, "वा! म्हणजे नाशिककडचे आपण!" मग मला खुलासा करावा लागतो. माझे मालेगाव ते नव्हे. ते वऱ्हाडातले, वाशीम जिल्ह्यातले. अकोल्याहून पातूर, मेडशी मागे टाकून वाशीमकडे जाणारी वाट नागपूर-मेहकर रस्त्याला जेथे भेटते तेथे ते वसलेले आहे. जुनी माणसे त्याला मालेगाव जहागीर म्हणत. एका नावाची दोन गावे असली म्हणजे त्यांतल्या प्रसिद्ध गावाला नुसते नाव पुरते. दुसऱ्याला बिचाऱ्याला जन्मभर एक विशेषण पाठीवर घेऊन हिंडावे लागते.

या सवयीमुळेच असेल, पण ‘सर्वोत्तम’ हा शब्द ऐकला की माझे लक्ष त्या मानकऱ्याकडे न जाता त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे जाते. पहिला कोण, हे एकदा ठरले की त्याच क्षणी दुसरा, तिसरा आणि पंधरावा कोण हेही ठरून जाते, आणि पंधराव्याला हार घालावयास कोणी येत नाही. एकट्याने धावावयाच्या शर्यतीत यात अन्याय असा काही नाही. दोरी ज्याच्या छातीला प्रथम लागली तो पहिला. घड्याळाला भीडमुर्वत ठाऊक नसते. परंतु जो खेळ पाच-नऊ जणांनी मिळून खेळावयाचा, त्यातून एकाला उचलून ‘हा सर्वोत्तम’ असे म्हणताना आपण नेमके काय मोजतो, हा प्रश्न मला गेली काही वर्षे छळीत आला आहे.

माझ्या वर्गातील मुलांना अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलचे मोठे वेड आहे. त्यांच्या भ्रमणध्वनीवर तेथील सामने रात्रंदिवस चालू असतात आणि वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू कोण, यावर मधल्या सुटीत हमरीतुमरी होते. या पारितोषिकाची मला माहिती झाली ती या मुलांच्याच कृपेने. १९५५-५६ च्या हंगामापासून ते दरवर्षी देण्यात येते. पहिला मान सेंट लुईसच्या संघातील बॉब पेटिट याला मिळाला. पुष्कळ वर्षे त्या चषकाला मॉरिस पोडोलॉफ यांचे नाव होते. हे गृहस्थ त्या संघटनेचे पहिले अध्यक्ष. २०२२ साली ते नाव बदलून मायकेल जॉर्डन या खेळाडूचे नाव देण्यात आले. कारभाऱ्याच्या जागी खेळणारा बसला, हे मला बरे वाटले. करीम अब्दुल-जब्बार याने हा मान सहा वेळा मिळविला. तितक्या वेळा तो दुसऱ्या कोणालाही मिळालेला नाही. आज वृत्तपत्रे व प्रक्षेपण यांतील जाणकारांचे मंडळ मते देते. प्रत्येकाने पाच नावे क्रमाने लिहावयाची. पहिल्या नावाला दहा गुण, दुसऱ्याला सात, मग पाच, तीन आणि एक. २०१६ साली स्टीफन करी याला एकूण एक, म्हणजे १३१ जणांनी पहिले मत दिले. असे एकमत त्यापूर्वी कधी झाले नव्हते आणि त्यानंतरही झालेले नाही.

मला मौज वाटते ती मात्र त्यापूर्वीच्या पद्धतीची. १९७९-८० पर्यंत हा निवाडा लेखणीवाले करीत नसत. खेळाडूच खेळाडूला मत देत. या पद्धतीची खरी कसोटी लागली ती १९६१-६२ च्या हंगामात. विल्ट चेंबरलेन नावाच्या अवाढव्य देहाच्या खेळाडूने त्या वर्षी दर सामन्याला सरासरी ५०.४ गुण मिळविले. २ मार्च १९६२ रोजी तर त्याने एकाच सामन्यात शंभर गुण केले. ऑस्कर रॉबर्टसन हाही त्याच वर्षी अचाट खेळला. आकड्यांचाच कौल घ्यावयाचा तर चेंबरलेनच्या पुढे उभे राहण्याची कोणाची छाती नव्हती. तरीही त्या वर्षीचा सर्वोत्तम ठरला तो बॉस्टनचा बिल रसेल. त्याची सरासरी होती एकोणीस गुणांच्या आसपास. प्रतिपक्षाचा चेंडू अडवावा, परत आलेला चेंडू झेलावा, तो सोबत्याच्या हाती सोपवावा, हे त्याचे काम. चेंबरलेनला आणि रसेलला दोघांनाही अंगावर घेऊन जे प्रत्यक्ष खेळले होते, त्यांनी रसेलचे नाव लिहिले. वृत्तपत्रकारांनी त्याच वर्षी आदर्श संघ निवडला तेव्हा त्यांनी पहिल्या संघात चेंबरलेनला घेतले आणि रसेलला दुसऱ्या संघात बसविले. म्हणजे खेळाडूंच्या मते जो साऱ्यांत श्रेष्ठ, तो पत्रकारांच्या मते आपल्या जागेवरसुद्धा दुसरा! अमुक एक पक्ष चुकला असे मी म्हणत नाही. बाकावरून दिसणारा खेळ आणि अंगाला घाम येत असताना दिसणारा खेळ हे दोन निराळे खेळ आहेत, एवढेच त्यावरून मला कळते.

बास्केटबॉल आज पाच जणांचा खेळ आहे. पण डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी फळांच्या टोपल्या सज्जाच्या कठड्याला अडकवून तो प्रथम खेळविला तेव्हा वर्गात अठरा मुले होती, म्हणून दोन्हीकडे नऊ-नऊ गडी झाले. नऊ गड्यांचा आकडा वाचला आणि मला आपला खो-खो आठवला. वस्तुतः मालेगावच्या मातीचा खेळ तो. येथली जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती पावलाला धरून बसते. म्हणून मैदानावर मुरूम पसरावा लागतो आणि तो दरवर्षी नव्याने पसरावा लागतो. दोन खांब, चुन्याच्या रेघा आणि नऊ पोरे, एवढ्या सामग्रीवर खेळ उभा राहतो. पायांत बूट असले तर उत्तम. नसले तरी खेळ अडत नाही. सोयाबीन आणि तूर यांच्या भावावर ज्यांच्या घरचे वर्ष अवलंबून असते, त्यांच्या मुलांना परवडेल असा हा खेळ आहे.

खो-खोला नियमांची शिस्त लावली ती पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने, १९१४ च्या सुमारास. १९२४ मध्ये बडोद्याच्या जिमखान्याने नियमावली छापली. राष्ट्रीय अजिंक्यपदाची पहिली स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे भरली. वाचकांपैकी पुष्कळांनी हा खेळ लहानपणी खेळला असेल, तरी त्याची रचना पुन्हा एकदा डोळ्यांपुढे आणावी अशी आहे. आठ गडी ओळीने बसलेले. एकाचे तोंड उत्तरेला तर शेजाऱ्याचे दक्षिणेला. नववा पाठलाग करतो. त्याने मधली पाटी ओलांडावयाची नाही आणि एकदा दिशा धरली की खांब येईपर्यंत मागे वळावयाचे नाही. पळणाऱ्याला मात्र कोठूनही निसटण्याची मोकळीक. अशा बांधलेल्या माणसाने मोकळ्या माणसाला पकडावे कसे? त्याला उपाय एकच. बसलेल्या सोबत्याच्या पाठीवर हात ठेवावा, ‘खो’ म्हणावे, आपला पाठलाग त्याला देऊन टाकावा आणि त्याच्या रिकाम्या जागी आपण बसावे. ज्या खेळात स्वतःचा हक्क सोडल्यावाचून पाऊलच पुढे पडत नाही असा दुसरा खेळ निदान मला तरी ठाऊक नाही.

आता गुण कसे मोजतात ते पाहा. पळणारा किती मिनिटे टिकला, हे घड्याळ सांगते. गडी कोणी बाद केला, हे गुणपत्रक सांगते. परंतु तो गडी कोणाच्या ‘खो’मुळे कोंडीत सापडला, हे कोणी लिहून ठेवीत नाही. बास्केटबॉलमध्ये टोपलीत चेंडू टाकणाऱ्याबरोबर तो चेंडू पुरविणाऱ्याचीही नोंद होते. आपल्या खेळात मात्र साखळी धरून पळणाऱ्याला दमविणारे चार जण कागदावरून नाहीसे होतात आणि शेवटी ज्याचा तळवा लागला तो एकटा उरतो. चांगला बसणारा गडी ही तर याहूनही अदृश्य वस्तू. तो गुडघे दुमडून, बोटे जमिनीला टेकून, पाठीमागून येणाऱ्या पावलांच्या आवाजावरून अंतर ओळखतो. क्षणभर लवकर उठला तर नियमभंग. क्षणभर उशीर केला तर पळणारा निसटला. प्रेक्षकांना तो केवळ बसलेला दिसतो.

अशा या खेळाचा वार्षिक मान कोणता? राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांतील सर्वोत्तम खेळाडूला मिळतो तो ‘एकलव्य’ पुरस्कार. स्त्रियांसाठी राणी लक्ष्मीबाई, कुमारांसाठी वीर अभिमन्यू, मुलींसाठी जानकी, किशोरांसाठी भरत आणि किशोरींसाठी इला. ही नावे ज्यांनी योजिली त्यांच्या कल्पकतेचे मला नेहमी कौतुक वाटते. आठ जणांच्या ओळीत शिरून पुन्हा सुखरूप बाहेर पडावयाचे, त्या खेळात चक्रव्यूहात अडकलेल्या अभिमन्यूची आठवण कोणाला होणार नाही? पण सर्वांत अर्थपूर्ण नाव एकलव्याचे. महाभारतातील ती कथा सगळ्यांना ठाऊक आहे. परंतु ती मुळात ‘सर्वोत्तम कोण’ याच वादाची कथा आहे, हे आपण विसरतो. तुझ्यासारखा धनुर्धर दुसरा होणार नाही, असे द्रोणांनी अर्जुनाला वचन दिले होते. निषादांच्या त्या पोराने मातीच्या मूर्तीसमोर बसून तेच शिखर गाठले तेव्हा वचन तरी मोडावयास हवे होते किंवा अंगठा तरी. अंगठा मोडणे सोपे होते. अर्जुन श्रेष्ठ ठरला. पण तो कसा ठरला हे व्यासांनी लपविले नाही.

गंमत अशी की आपल्या सरकारचे खेळाडूंसाठीचे पारितोषिक आहे ‘अर्जुन’, १९६१ पासूनचे. आणि प्रशिक्षकांसाठीचे आहे ‘द्रोणाचार्य’, १९८५ पासूनचे. गुरू आणि लाडका शिष्य दोघेही दिल्लीच्या दरबारात जाऊन बसले. उरलेला तिसरा आपल्या मातीतल्या खेळाने उचलून घेतला. हे कोणी हेतुपुरस्सर केले असेल असे मला वाटत नाही; परंतु पुढचा इतिहास पाहिला म्हणजे नाव सार्थ झाले असे म्हणावे लागते. १९७० मध्ये बडोद्याच्या सुधीर परब यांना खो-खोतील पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि पुढे कित्येक वर्षे या खेळाची नावे त्या यादीत येत राहिली. १९९८ मध्ये शोभा नारायण यांचे नाव आले आणि मग दार बंद झाले, ते एकदम बावीस वर्षे. २०२० साली धाराशिवच्या सारिका काळे यांनी ते उघडले. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळविणाऱ्या भारतीय महिला संघाच्या त्या कर्णधार. मधल्या बावीस वर्षांत खो-खो खेळणारे कोणी निपजलेच नाहीत काय? एकलव्य दरवर्षी निवडला जात होता. अर्जुनाच्या पंगतीत त्याचे पान मांडलेले नव्हते, एवढेच.

अलीकडे या खेळाचे दिवस पालटले आहेत. २०२२ मध्ये पुण्याला त्याची व्यावसायिक साखळी स्पर्धा सुरू झाली. मुरमाच्या जागी गादी आली, दिव्यांचा झगमगाट आला आणि दोन्ही दिशांना फिरण्याची मुभा असलेला ‘वजीर’ नावाचा नवा गडीही आला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुषांच्या संघाने नेपाळला ५४-३६ असे हरविले आणि स्त्रियांच्या संघानेही नेपाळवरच ७८-४० असा विजय मिळविला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्या दिवशी मालेगावच्या चहाच्या टपऱ्यांवर क्रिकेटचे नाव कोणी काढले नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. पैसा येत आहे याचा मला आनंदच आहे. अनवाणी धावणाऱ्या मुलाला पैशाचे वावडे असावे, असे म्हणण्याचा अधिकार पगारी प्राध्यापकाला नाही. परंतु पैशाच्या पाठोपाठ नाव येते, नावापाठोपाठ चेहरा येतो आणि चेहरा एका वेळी एकाचाच दाखविता येतो. वजिराचा चेहरा सर्वांना दिसेल. बसलेल्यांची पाठच दिसत राहील.

हा सगळा विचार मी करीत बसलो त्याला एक घरगुती कारण घडले. माझ्या महाविद्यालयात स्नेहसंमेलनाच्या वेळी वर्षातील उत्कृष्ट खेळाडू निवडण्याची रीत आहे आणि त्या वर्षी निवड समितीत माझे नाव घालण्यात आले. खो-खोच्या संघातून दोन नावे पुढे आली. पहिला मुलगा पळण्यात पटाईत; हुलकावणी अशी की पाठलाग करणारा भुईवर आणि हा खांबापलीकडे. त्याच्या नावाचा गावभर पुकारा होता. दुसरे नाव संघाच्या प्रशिक्षकांनी हळूच सुचविले. हा मुलगा खांबाशेजारच्या चौकोनात बसणारा. त्याच्या नावावर बाद केलेले गडी थोडे. पण प्रशिक्षक म्हणाले, "तो त्या जागेवर नसला की सगळी साखळी तुटते, सर." समितीतील एका सदस्यांचे म्हणणे पडले की, ज्याला कोणी पाहिले नाही त्याला चषक दिला तर लोक काय म्हणतील? प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. टाळ्या वाजवावयास लोकच येतात.

तेव्हा मी अमेरिकेतील जुन्या पद्धतीची आठवण काढली आणि सुचविले की, संघातील बारा मुलांनाच चिठ्ठ्या लिहू द्याव्या; स्वतःचे नाव मात्र कोणी लिहू नये. सूचना मान्य झाली. चिठ्ठ्या उलगडल्या तेव्हा बसणाऱ्या मुलाच्या नावाच्या सात निघाल्या, पळणाऱ्याच्या चार आणि एक तिसऱ्याच्याच नावाची. चिठ्ठ्यांवर सह्या नव्हत्या. परंतु तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला अक्षर लपत नाही. पळणाऱ्या मुलाने बसणाऱ्याचे नाव लिहिले होते आणि बसणाऱ्याने पळणाऱ्याचे. ही गोष्ट मी त्या दोघांनाही सांगितलेली नाही. संमेलनात नाव पुकारले गेले तेव्हा मंडपातून टाळ्या आल्या त्या विरळच. संघाची मुले बसली होती त्या कोपऱ्यातून मात्र एकच आरोळी उठली.

समारंभानंतर त्या मुलाचे वडील मला भेटले. डोक्याला रुमाल, हातात तो चषक वर्तमानपत्रात गुंडाळलेला. म्हणाले, "सर, कप चांगला हाय. फडताळात ठेवता येईन. पण पोराले याच्यानं नोकरी लागन काय, ते सांगा."

प्रश्न सरळ होता आणि त्याला सरळ उत्तर देणे मला भाग होते. लागणार नाही. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखून ठेवलेल्या आहेत. परंतु तेथे महाविद्यालयाच्या चषकाला किंमत नाही, राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांतील यश पाहिले जाते. मात्र त्यात एक विशेष आहे आणि तो मी त्या गृहस्थांना समजावून सांगितला. सांघिक खेळात पदक मिळते ते संघाला. प्रमाणपत्र प्रत्येक गड्याला मिळते आणि त्यात कोण पळाला व कोण बसला असा भेद केलेला नसतो. सरकारी कागदाला आपण रूक्ष म्हणतो. पण या एका बाबतीत तो आमच्या समारंभांपेक्षा अधिक न्यायी आहे. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे संघ जितला पाहिजे. एकट्याचं काही नाही." मी म्हटले, "होय, तसेच." त्या मैदानावर इतकी वर्षे घालवून मला जे सुचले नव्हते ते त्यांनी तेवढ्या चार शब्दांत सांगितले.

तो मुलगा आता पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे वाशीम रस्त्यावर फिरावयास निघालो की तो मला धावताना भेटतो आणि "नमस्कार, सर" म्हणून पुढे जातो. त्या भरतीत सोळाशे मीटर धावण्याला गुण आहेत, शंभर मीटरला आहेत, गोळा फेकण्याला आहेत. पाठीमागची पावले ओळखून नेमक्या क्षणी उठण्याला गुण नाहीत. ते कसे मोजावयाचे, हे कोणत्याही परीक्षकाला अद्याप साधलेले नाही. आणि माझ्या मते पोलिसाच्या अंगी सर्वांत अधिक हवा असेल तर तो हाच गुण.

यावर उपाय मोठा खर्चाचा नाही. खो-खोच्या गुणपत्रकात एक रकाना वाढवावा. गडी बाद करणाऱ्याच्या नावासमोर, त्याला अखेरचा ‘खो’ कोणी दिला त्याचे नाव लिहावे. एक पेन्सिल आणि एक जागरूक लेखनिक एवढ्यावर हे काम होईल. त्याने एकलव्याच्या निवडीत उलथापालथ होईल असे नाही. कदाचित पुष्कळदा पळणाराच श्रेष्ठ ठरेल आणि तो तसा असेलही. परंतु ज्याच्या हाताचा अंगठा गेला त्याचे नाव ज्या पुरस्काराला आपण दिले आहे, तो देताना न दिसणारे हातही निदान कागदावर यावेत. आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर येत्या हंगामापासून हा रकाना आखला जाणार आहे. रेघ सरळ यावी म्हणून पट्टी मी माझ्याच टेबलावरची दिली आहे.